वर्गाबाहेरचं गणित: हौशी आणि विद्यार्थी चर्चांचा आढावा

गणिताचा तास संपला तरी एखादं गणित डोक्यातून जात नाही, अशी मुलं प्रत्येक शाळेत असतात. नोकरीधंदा सांभाळून वहीत आकडेमोड करणारी मोठी माणसंही असतात. अशा लोकांनी एकमेकांना गणितं घालायची, उत्तरं तपासायची, चूक दाखवायची आणि त्यातून नवा प्रश्न काढायचा, ही परंपरा महाराष्ट्रात चांगली रुजलेली आहे. तिच्याविषयीचे मतभेदही तितकेच जुने आहेत. हौशी माणसाने काढलेल्या निष्कर्षाची गणितात किंमत किती? अडलेल्या मुलाला उत्तर कधी सांगावं? स्पर्धांमुळे या चर्चेला बळ मिळालं की ती आकसली? आणि पालघर जिल्ह्यातल्या जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवरच्या मुलांना या चर्चेत जागा आहे का? या प्रश्नांवर आज काय म्हटलं जातं आणि काय अजून सुटलेलं नाही, ते इथे क्रमाने पाहू.

पार्श्वभूमी: पाटणपासून फर्ग्युसनपर्यंत

गणित उदाहरणांतून आणि संवादातून शिकवण्याची आपल्याकडची सर्वांत प्रसिद्ध खूण म्हणजे बाराव्या शतकातली भास्कराचार्यांची ‘लीलावती’. तिच्यातली उदाहरणं शिकणाऱ्याला उद्देशून विचारलेली आहेत. चाळीसगावजवळच्या पाटण इथे भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन केल्याचा शिलालेख आहे. तो १२०७चा. ग्रंथ मागे ठेवून भागत नाही, त्यावर बोलणारी माणसं एकत्र बसवावी लागतात, ही जाण त्या व्यवस्थेत दिसते.

आधुनिक काळात अशी व्यवस्था १९०७मध्ये उभी राहिली. व्ही. रामस्वामी अय्यर हे मद्रास इलाख्यातले महसूल खात्याचे अधिकारी. त्यांनी पुढाकार घेऊन गणितप्रेमींचा एक क्लब काढला, तीच पुढे ‘इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटी’ झाली. परदेशी नियतकालिकं एकेकट्याला परवडणारी नव्हती, म्हणून ती वर्गणीतून घ्यायची आणि टपालाने सभासदांत फिरवायची, हा तिचा मूळ उद्योग. तिचं ग्रंथालय पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात होतं. केंब्रिजमध्ये १८९९ साली सीनिअर रँग्लर ठरलेले रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे तेव्हा तिथले प्राचार्य होते. संस्थेच्या नियतकालिकात प्रश्नोत्तरांचं सदर असे. एकाने प्रश्न घालायचा, दुसऱ्याने उत्तर पाठवायचं आणि ते नावानिशी छापून यायचं.

याच सदरात १९११मध्ये श्रीनिवास रामानुजन यांचा २८९ क्रमांकाचा प्रश्न आला. एकात एक बसवलेल्या अनंत वर्गमुळांची किंमत त्यांनी विचारली होती: १ अधिक २ गुणिले (१ अधिक ३ गुणिले (१ अधिक ४ गुणिले … यांचं वर्गमूळ) यांचं वर्गमूळ), आणि या सगळ्याचं वर्गमूळ. अंकामागून अंक निघाले, पण कोणाचंच उत्तर आलं नाही. शेवटी रामानुजन यांनीच ते दिलं. उत्तर ३.

ते कसं येतं हे शाळेतल्या मुलालाही दाखवता येतं. ३ म्हणजे ९चं वर्गमूळ. ९ म्हणजे १ + २ × ४. त्यातले ४ म्हणजे १६चं वर्गमूळ, आणि १६ म्हणजे १ + ३ × ५. त्यातले ५ म्हणजे २५चं वर्गमूळ, आणि २५ म्हणजे १ + ४ × ६. असं उलगडत गेलं की रामानुजन यांची रचना आपोआप उभी राहते. पण इथे एखाद्या चौकस मुलीने विचारलं, की मग ४ का नाही, तर तिचा प्रश्न रास्त आहे. ४ म्हणजे १६चं वर्गमूळ, १६ म्हणजे १ + २ × ७.५, ७.५ म्हणजे ५६.२५चं वर्गमूळ, आणि ५६.२५ म्हणजे १ + ३ गुणिले काहीतरी. हीही साखळी कितीही लांबवता येते. म्हणजे नुसत्या उलगडण्याने उत्तर सिद्ध होत नाही. रचना एकेका पायरीवर तोडली, तर मिळणाऱ्या किमती ३च्याच जवळ सरकत जातात, हे वेगळं दाखवावं लागतं. अशा अनंत वर्गमुळांचा काटेकोर विचार पुढे टी. विजयराघवन आणि ॲरन हर्शफेल्ड यांनी केला. हर्शफेल्ड यांचा लेख १९३५चा. सदरात आलेला एक प्रश्न असा दोन दशकांहून अधिक काळ जिवंत राहिला.

सोसायटीने १९३०च्या दशकात ‘द मॅथेमॅटिक्स स्टुडंट’ हे दुसरं नियतकालिक सुरू केलं. शिक्षक आणि विद्यार्थ्यांना त्यात अधिक वाव होता. साधारण असाच प्रयोग हंगेरीत आधी झाला होता. ग्योर गावातले शिक्षक दानिएल आरान्य यांनी १८९४मध्ये माध्यमिक शाळेतल्या मुलांसाठी गणिताचं मासिक काढलं. त्यात प्रश्न छापून यायचे आणि मुलांची उत्तरंही. विसाव्या शतकात हंगेरीतून जे मोठे गणिती पुढे आले, त्यांतल्या अनेकांच्या घडणीत या मासिकाचा वाटा मानला जातो.

देवळालीचे कापरेकर गुरुजी

महाराष्ट्रात हौशी गणिताचा विषय निघाला की पहिलं नाव येतं दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांचं. त्यांचा जन्म १७ जानेवारी १९०५चा, डहाणूचा, म्हणजे आजच्या पालघर जिल्ह्यातला. शिक्षण ठाण्यात आणि मग फर्ग्युसन कॉलेजात झालं. १९२७मध्ये त्यांना रँग्लर परांजपे यांच्या नावाचं गणिताचं पारितोषिक मिळालं. पदवी १९२९ची. १९३० ते १९६२ ते नाशिकजवळ देवळालीला शाळेत शिकवत होते. पदव्युत्तर शिक्षण नाही, विद्यापीठातली जागा नाही. संख्यांवरचं काम मात्र आयुष्यभर चाललं.

१९४९मध्ये मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी ६१७४ या संख्येचा गुण सांगितला. चार अंकी कोणतीही संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नसावेत. अंक उतरत्या क्रमाने लावा, चढत्या क्रमाने लावा आणि मोठीतून लहान वजा करा. आलेल्या उत्तरावर पुन्हा तेच करा. उदाहरणार्थ ३५२४: ५४३२ − २३४५ = ३०८७. मग ८७३० − ०३७८ = ८३५२. मग ८५३२ − २३५८ = ६१७४. पुढे ७६४१ − १४६७ = ६१७४, आणि गाडी तिथेच थांबते. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत हा मुक्काम येतोच.

वजाबाकी येणाऱ्या कोणालाही हे करून पाहता येतं, आणि केलं की पुढचे प्रश्न सुचू लागतात. तीन अंकी संख्यांचं काय? त्या ४९५वर थांबतात. दोन अंकी? त्या थांबत नाहीत, ९, ८१, ६३, २७, ४५ आणि पुन्हा ९ अशा फेऱ्यात फिरतात. पाच अंकी संख्यांनाही एक मुक्काम नाही, त्या तीनपैकी एखाद्या चक्रात सापडतात. मग कुठे मुक्काम मिळतो, कुठे चक्र मिळतं, आणि का? इथपर्यंत पोचलेलं मूल वजाबाकीचा सराव सोडून गणित करायला लागलेलं असतं.

कापरेकरांची बाकीची कामंही याच वळणाची आहेत. ४५चा वर्ग २०२५, आणि २० + २५ = ४५: अशा संख्या आज जगभर त्यांच्या नावाने ओळखल्या जातात. अंकांच्या बेरजेने भाग जाणाऱ्या संख्यांना त्यांनी ‘हर्षद’ म्हटलं. १८ ही त्यांतली एक, कारण १ + ८ = ९ आणि १८ला ९ने भाग जातो. एखाद्या संख्येत तिचेच अंक मिळवून जी संख्या कधीच तयार होत नाही, तिला त्यांनी देवळालीचं नाव दिलं. २० ही अशी संख्या. डोंबिवली स्थानकावरून एका संख्याप्रकाराला ‘डेम्लो’ हे नाव मिळालं. मार्टिन गार्डनर यांनी मार्च १९७५मध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या आपल्या सदरात त्यांच्याविषयी लिहिल्यावर हे काम जगभरच्या वाचकांपर्यंत गेलं. कापरेकरांचं निधन १९८६मध्ये झालं.

वादाचा पहिला मुद्दा: हौशी निष्कर्षाची किंमत

या प्रकारच्या कामावरचा सर्वांत ठाम आक्षेप ब्रिटिश गणितज्ञ जी. एच. हार्डी यांनी आधीच नोंदवलेला आहे. १९४०च्या आपल्या प्रसिद्ध पुस्तकात ते ८७१२ आणि ९८०१ या संख्यांचं उदाहरण घेतात. उलट्या लिहिलेल्या संख्येच्या पूर्ण पटीत असणाऱ्या चार अंकी संख्या या दोनच: ८७१२ ही २१७८च्या चौपट आणि ९८०१ ही १०८९च्या नऊपट. अशी तथ्यं कोड्यांच्या सदरात शोभतात, पण गणितज्ञाला त्यांत घेण्यासारखं काही नाही, असा त्यांचा अभिप्राय आहे. कारण असं की ही तथ्यं आपल्या दशमान लिखाणावर टेकलेली असतात, दुसऱ्या पायावर संख्या लिहिली की ती बदलतात. त्यांतून कोणतीही व्यापक कल्पना पुढे जात नाही. हा आक्षेप तुच्छतेपोटी केलेला नाही. खोल प्रमेय कशाला म्हणावं, याची एक कसोटी त्यात आहे.

दुसऱ्या बाजूचं म्हणणं असं, की निरीक्षण आणि त्यावर उभा राहणारा प्रश्न वेगवेगळे मोजावेत. निरीक्षण वरवरचं असलं तरी प्रश्न कठीण असू शकतो. लागोपाठ किती हर्षद संख्या येऊ शकतात? कूपर आणि केनेडी यांनी १९९३मध्ये सिद्ध केलं, की २०पर्यंत येऊ शकतात, २१ कधीच नाही. देवळाली संख्यांचं एकूण संख्यांतलं प्रमाण शून्याकडे जात नाही, हे झानिएर यांनी १९८२मध्ये दाखवलं. ही साधनं देवळालीच्या वहीत नव्हती, पण त्यांना काम त्या वहीने पुरवलं.

आज बहुतेक जाणकार या दोन टोकांच्या मधे उभे आहेत. कापरेकरांचं काम संख्या सिद्धांताच्या मुख्य प्रवाहात धरलं जात नाही. पण गणितात शिरण्याचं दार म्हणून त्याचं मोल कोणी नाकारत नाही. सुटलेला नाही तो प्रश्न असा: या दारातून आत आलेल्याला पुढच्या खोल्या दाखवायच्या कोणी?

दुसरा मुद्दा: उत्तर कधी सांगावं

विद्यार्थ्यांच्या चर्चेत रोज उद्भवणारा हा वाद. जॉर्ज पोल्या यांचं १९४५चं ‘हाउ टू सॉल्व्ह इट’ हे पुस्तक या चर्चेचा पाया मानलं जातं. शिकवणाऱ्याने मदत करावी, पण फार नाही आणि फार कमीही नाही, अशी त्यांची भूमिका. काय दिलं आहे, काय काढायचं आहे, यासारखं एखादं सोपं गणित पूर्वी केलं आहे का, असे प्रश्न विचारत मुलाला पुढे न्यायचं. टेक्सासचे आर. एल. मूर त्याहून कडक होते. त्यांच्या वर्गात पुस्तक उघडायचं नाही, दुसऱ्याला विचारायचं नाही, प्रमेय स्वतःच सिद्ध करायचं.

याच्या विरुद्ध म्हणणंही वजनदार आहे. नवशिक्याला पूर्ण सोडवून दाखवलेली उदाहरणं अभ्यासायला दिली तर तो लवकर शिकतो, असं दाखवणारे प्रयोग शिक्षण-मानसशास्त्रात १९८०च्या दशकापासून झाले आहेत. नुसतं झगडत ठेवलं तर मूल थकतं आणि गणित आपल्यासाठी नाही असं ठरवून टाकतं. आपल्याकडे तर पावकी-निमकी-पाऊणकीपासून पाठांतराची भक्कम परंपरा आहे, आणि हाताशी असलेले पाढे विचाराला मोकळं करतात असं मानणारे शिक्षक आजही पुष्कळ आहेत.

दोन्ही बाजू जवळ येतात त्या एका ठिकाणी: मदत शिकणाऱ्याच्या पायरीवर अवलंबून असावी. नवी पद्धत शिकताना नमुना हवा, ती अंगवळणी पडल्यावर मोकळा प्रश्न हवा. पायरी ओळखायची कशी, हे मात्र समोर बसलेल्या शिक्षकाच्या नजरेवरच राहतं. छापील सदराला किंवा दूरच्या मार्गदर्शकाला ते अवघड जातं.

तिसरा मुद्दा: स्पर्धा की शोध

आंतरराष्ट्रीय गणित ऑलिंपियाड १९५९मध्ये रुमानियात सुरू झालं. भारताचा संघ त्यात पहिल्यांदा उतरला १९८९मध्ये, आणि १९९६चं ऑलिंपियाड मुंबईत भरलं. देशातली निवड राष्ट्रीय उच्च गणित मंडळाच्या आश्रयाने होते आणि तिचं केंद्र मानखुर्दचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे. पुण्यात श्रीराम अभ्यंकर यांनी १९७६मध्ये स्थापन केलेल्या भास्कराचार्य प्रतिष्ठानमध्ये शाळकरी मुलांसाठी ऑलिंपियाडचे वर्ग चालतात.

या स्पर्धांनी काय दिलं ते स्पष्ट आहे. आठवी-नववीतल्या मुलाला सिद्धता लिहायची सवय लागली. एका गणिताला तीन तासांतला दीड तास देणं हा अपराध नाही, हे त्याला कळलं. समान आवडीची मुलं एकमेकांना भेटली, आणि त्यांचं बोलणं निकालानंतरही चालू राहिलं.

आक्षेपही स्पष्ट आहेत. स्पर्धेचं गणित कोणीतरी आधी सोडवलेलं असतं आणि ठरलेल्या वेळात सुटणारं असतं. खऱ्या संशोधनात यांतल्या कशाचीच खात्री नसते. भरपूर सराव केलेल्या मुलाला युक्त्या ओळखता येतात, पण स्वतःचा प्रश्न काढायला सांगितला की तो अडतो. महागड्या शिकवण्या आल्या की निवड कौशल्याची होते की ऐपतीची, हा प्रश्नही उरतोच. यावर ऑलिंपियाडचे शिक्षक म्हणतात, की युक्ती ही भाषेतल्या शब्दांसारखी असते. शब्द नसतील तर बोलणार काय? दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. किती स्पर्धकांनी पुढे गणितच धरलं आणि कितींनी अभियांत्रिकीची वाट घेतली, याचा महाराष्ट्रापुरता दीर्घ पाठपुरावा झाला तर वाद पुढे सरकेल.

चौथा मुद्दा: भाषा

मराठी शाळेत मूल लसावि, मसावि, कर्ण, त्रिज्या या शब्दांत विचार करतं. सेमी इंग्रजीत किंवा कॉलेजात गेलं की तेच शब्द इंग्रजीत येतात. चर्चा मराठीत व्हावी असं म्हणणाऱ्यांचा मुद्दा असा, की कच्चा विचार माणूस घरच्या भाषेतच बोलून दाखवतो, आणि चर्चेचा जीव कच्च्या विचारात असतो. इंग्रजीच्या बाजूने बोलणारे पुढच्या वाचनाकडे बोट दाखवतात: चांगले प्रश्नसंग्रह, नियतकालिकं आणि देशभरचे सोबती इंग्रजीतच भेटतात.

भाषेचा प्रश्न किती हळवा आहे ते २०१९मध्ये दिसलं. बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात सत्तावीससारख्या संख्या ‘वीस सात’ अशाही वाचायला सुचवल्या होत्या. लिहिताना दशक आधी आणि बोलताना एकक आधी, यामुळे मुलं गोंधळतात, अशी गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांची भूमिका होती. रूढ शब्द मागे पडतील आणि मुलं घरच्या बोलण्यापासून तुटतील, ही विरोधकांची भीती. ‘गणितगप्पा’सारखं पुस्तक लिहून गणित घरोघरी नेणाऱ्या लेखिकेने हा वाद शांतपणे चालवला. दोन्ही बाजूंना मुलाचीच काळजी होती, पण कोणत्या पद्धतीने गोंधळ किती कमी होतो, याची मोठी चाचणी मात्र झाली नाही.

जव्हार-मोखाड्यातून पाहताना

वरचे चारही मुद्दे जव्हार-मोखाड्यात वेगळ्या वजनाने समोर येतात. जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीचं नाव महाराष्ट्राला कळलं ते १९९२-९३मध्ये, कुपोषणाने झालेल्या बालमृत्यूंमुळे. अशा भागात गणिताच्या चर्चेचा विषय काढणं काहींना चैन वाटेल. आधी पोट, आधी हजेरी, आधी भागाकार, ही प्राधान्याची मांडणी समजण्याजोगी आहे. दुसरीकडे, विचार करण्याचा आनंद इथल्या मुलाने सगळ्यात शेवटी का घ्यावा, हा प्रश्नही टाळता येत नाही. इथे घरची बोली वारली, कोकणा किंवा कातकरी असते, शाळेची मराठी असते. बरीच कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात आणि मुलांचं वर्ष मधेच तुटतं.

पण गणित त्यांच्यासोबत भट्टीवरही जातं. बाजारात वावरणाऱ्या मुलांच्या हिशेबावरचं संशोधन इथे उपयोगी पडतं. ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात रस्त्यावर विक्री करणाऱ्या पाच मुलांचा अभ्यास १९८५मध्ये प्रसिद्ध झाला. गिऱ्हाइकासमोर त्यांची सुमारे ९८ टक्के उत्तरं बरोबर आली, तीच आकडेमोड कागदावर दिल्यावर सुमारे ३७ टक्के. धारावीतल्या मुलांच्या शाळेबाहेरच्या गणितावर होमी भाभा केंद्रातले अरिंदम बोस आणि के. सुब्रमण्यम यांनी काम केलं आहे. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांचा कोलकाता आणि दिल्लीतल्या मुलांवरचा अभ्यास २०२५मध्ये आला. बाजारात काम करणाऱ्या मुलांना शाळेची गणितं जड जातात आणि फक्त शाळेत जाणाऱ्यांना बाजाराचा हिशेब जमत नाही, असं त्यात दिसलं. म्हणजे एका बाजूचं ज्ञान आपोआप दुसऱ्या बाजूला जात नाही.

चर्चा हा त्यांच्यामधला दुवा होऊ शकेल का? एक गणित घेऊ, आकडे मानलेले आहेत. कुटुंबाने २०,००० रुपये उचल घेतली. हजार विटांना ८०० रुपये दर. आठवड्याला ५,००० विटा पडतात आणि १,५०० रुपये खर्ची मिळते. उचल कधी फिटेल? पुस्तकी पद्धतीने आठवड्याची मजुरी ४,०००, खर्ची वजा जाता २,५००, म्हणजे आठ आठवडे. पण भट्टी पाहिलेलं मूल लगेच विचारेल: अवकाळी पावसात दोन हजार विटा भिजल्या तर ते नुकसान कोणाच्या अंगावर? आजारपणाचे दिवस धरले का? हे प्रश्न गणिताला फाटे फोडतात असं वाटेल, पण गृहीत काय धरलं हे विचारणं हाच गणिती विचाराचा गाभा आहे. रामानुजन यांच्या उत्तरावर ‘४ का नाही?’ असं विचारणारी मुलगी आणि हे मूल एकाच जातीचा प्रश्न विचारत असतात.

पालघर जिल्ह्यात मुलाच्या अनुभवातून शिकवण्याचा वारसा आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांचं बालशिक्षणाचं काम बोर्डीहून १९५७मध्ये कोसबाडला आलं. वाडा तालुक्यात सोनाळे इथे २००७पासून ‘क्वेस्ट’ ही संस्था शिक्षकांसोबत काम करते. बालशिक्षणात आणि पायाभूत गणितात इथे बरंच घडलं आहे. मोठ्या मुलांच्या मोकळ्या गणितचर्चेची घडी मात्र अजून बसायची आहे.

काय उरलं आहे

एवढ्या आढाव्यानंतर काही गोष्टींवर बऱ्यापैकी एकमत दिसतं. चर्चा उत्तरापाशी न थांबता कारणापर्यंत गेली तर ती गणिताची चर्चा. चूक उघडपणे मांडायची मुभा नसेल तर ती चालत नाही. आणि प्रश्न घालणाऱ्याचं नाव प्रश्नाला लागलं की त्याची हिंमत वाढते. १९११मध्ये कारकुनीच्या शोधात असलेल्या तरुणाला नियतकालिकाने दिलेली जागा याची साक्ष आहे.

न सुटलेले प्रश्न निदान तीन आहेत. पहिला तपासणीचा: हौशी माणसाने किंवा विद्यार्थ्याने केलेला दावा कोण, किती काळजीने वाचणार? विद्यापीठातल्या अध्यापकाला त्यासाठी वेळ आणि मान दोन्ही मिळत नाहीत. दुसरा नोंदीचा: शाळांत, शिबिरांत, शिक्षकांच्या बैठकांत झालेल्या चांगल्या चर्चा लिहिल्या जात नाहीत, आणि चुकलेले प्रयत्न तर कधीच छापले जात नाहीत. त्यामुळे कोणती मदत कुठे लागू पडली, हे ताडून पाहायला साधनच उरत नाही. तिसरा प्रवेशाचा: शहर, इंग्रजी आणि शिकवणीची ऐपत या तीन अटींशिवाय चर्चेत येता येईल अशी वाट कशी असेल?

या तिन्हींना हात घालणारं एक काम मराठीत करण्याजोगं आहे. मुलांनी स्वतः काढलेले प्रश्न, त्यांवरचे बरोबर आणि चुकलेले दोन्ही प्रयत्न, आणि जाणत्या वाचकाचा शेरा, असं सगळं नावानिशी नियमित छापायचं. त्यात आश्रमशाळांचा वाटा सुरुवातीपासून ठेवायचा. असं काम काही वर्षं चाललं, तर वर मांडलेल्या वादांपैकी निम्म्यांवर तरी अनुमानाऐवजी पुराव्याने बोलता येईल. डहाणूत जन्मलेल्या एका शिक्षकाने बत्तीस वर्षांची नोकरी सांभाळून जगाला पुरतील एवढे प्रश्न दिले. त्याच जिल्ह्यातल्या मुलांच्या प्रश्नांना वाचक मिळवून देणं, ही आता मराठी गणितप्रेमींची जबाबदारी आहे.